कुंचल्याची निगा, जिवाची जपणूक

कल्पसूत्राच्या सचित्र पोथीचे पान पाहणाऱ्याची नजर प्रथम सोन्यावर आणि लाजवर्दाच्या निळाईवर स्थिरावते. थोड्या वेळाने ती रेषेकडे वळते. बोटभर उंचीच्या आकृतीतील भुवई, चेहऱ्याच्या कडेबाहेर आलेला पलीकडचा डोळा, वस्त्रावरील हंसांची नक्षी हे सारे एकाच साधनातून उतरलेले असते, आणि ते साधन म्हणजे बारीक अणीचा कुंचला. सुमारे चौदाव्या शतकापासून ताडपत्राची जागा कागदाने घेतली, पान थोडे रुंदावले आणि चित्रकाराला अधिक बारकावे साधू लागले. पाटण, खंभात, जैसलमेर येथील ज्ञानभांडारांनी या पोथ्या जपल्या. रंगांविषयी आणि सोन्याविषयी पुष्कळ बोलले जाते, कुंचल्याविषयी फार थोडे.

अलीकडे अनेक कुटुंबांत लघुचित्रकलेची आवड पुन्हा रुजत आहे. दुपारच्या निवांत वेळी गृहिणी, पेढीवरून निवृत्त झालेले वडीलधारे आणि पाठशाळेतील मुले चौदा स्वप्ने, अष्टमंगल, समवसरण अशी चित्रे हौसेने काढतात. पण दोन-तीन चित्रे होतात न होतात तोच कुंचल्याची अणी फुटते आणि एका रेषेच्या जागी दोन रेषा उमटू लागतात. अशा वेळी दोष साहित्याला दिला जातो. ‘कृत्रिम तंतूचा कुंचला टिकत नाही, खऱ्या केसाचाच घ्यावा,’ असा सल्ला मिळतो, आणि अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरात नकळत प्राण्याचा केस येतो. वास्तविक बहुसंख्य कुंचले तंतूच्या उणेपणामुळे बिघडत नाहीत. ते धुतले जात नाहीत, किंवा चुकीच्या रीतीने धुतले जातात, म्हणून बिघडतात. म्हणूनच कुंचला कसा धुवावा हा किरकोळ वाटणारा प्रश्न श्रावकाच्या आचाराशी येऊन भिडतो.

केस येतो कोठून?

परंपरेने लघुचित्रांसाठी खारीच्या शेपटीचे केस वापरले जात. ते एकत्र जुळवून दोऱ्याने बांधत आणि पक्ष्याच्या पिसाच्या पोकळ दांड्यात बसवत. युरोपात ज्याला ‘कोलिन्स्की सेबल’ म्हणतात, त्याचा केस सेबल या प्राण्याचा नसून वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीचा असतो. ‘कॅमल हेअर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या कुंचल्यात उंटाचा केस नसतो. तो बहुधा खार, बकरी किंवा घोडा यांचा असतो. नावावरून केसाची ओळख पटत नाही, हे ग्राहकाने आणि विक्रेत्यानेही ध्यानात ठेवावे.

आपल्या देशात सर्वाधिक गंभीर प्रश्न मुंगसाच्या केसाचा आहे. हा केस चिवट व लवचीक असल्यामुळे चित्रकारांत त्याला मोठी मागणी होती. एका मुंगसापासून कुंचल्याच्या उपयोगाचा केस अवघा काही ग्रॅम मिळतो. एवढ्यासाठी त्या प्राण्याला मारले जाते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने मुंगसाला संरक्षण दिले आहे. त्याची शिकार करणे, त्याचे केस बाळगणे आणि त्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार करणे हा गुन्हा असून त्यासाठी कारावासाची शिक्षा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने अनेक राज्यांत छापे घालून असे कुंचले आणि कच्चा केस जप्त केला. उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यातले शेरकोट हे गाव कुंचल्यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. त्या कारवाईत त्याचेही नाव पुढे आले.

जैन आचारात हिंसेचा विचार करताना स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदन दिलेली असे तीन प्रकार मानले आहेत. यशोधर राजाच्या कथेत पिठाच्या कोंबड्याचा बळी दिल्याचेही फळ अनेक जन्म भोगावे लागते, आणि त्या कथेच्याही सचित्र पोथ्या तयार झाल्या आहेत. अशी कथा ज्या परंपरेने रंगविली, त्या परंपरेच्या वारसांनी हातातील कुंचल्याचा केस कोठून आला हे विचारणे स्वाभाविकच होय.

कृत्रिम तंतूचा स्वभाव

नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या तंतूचे कुंचले आज सर्वत्र मिळतात. त्यांचा स्वभाव नैसर्गिक केसाहून वेगळा आहे. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात, त्यांत पाणी धरून राहते. कृत्रिम तंतू गुळगुळीत असल्यामुळे कमी पाणी धरतो, कागदावर ते लवकर सोडतो, आणि वापरता वापरता त्याची अणी आकड्यासारखी वाकते. त्याची चिवटाई मात्र अधिक असते. त्याला कसर लागत नाही आणि साबण किंवा अॅक्रिलिक रंग तो केसापेक्षा चांगला सोसतो.

हा स्वभाव ओळखून काम केल्यास कृत्रिम कुंचल्याने अत्यंत बारीक काम होऊ शकते. थोडा थोडा रंग वारंवार घ्यावा. केवळ शून्य क्रमांकांच्या मागे न लागता उत्तम अणी असलेला १ किंवा २ क्रमांकाचा कुंचला निवडावा. त्याच्या पोटात रंग अधिक राहतो आणि रेषा मध्येच कोरडी पडत नाही. रेषेची बारकाई अणीवर अवलंबून असते, क्रमांकावर नव्हे.

काम चालू असताना

कुंचल्याचे खरे मर्मस्थान म्हणजे तंतू आणि दांडी यांना जोडणारी धातूची नळी. रंग या नळीत शिरून वाळला की तंतू मुळाशी फाकतात, आणि मुळाशी फाकलेल्या तंतूंची अणी पुन्हा जुळत नाही. म्हणून रंग घेताना तंतूंचा निम्म्याहून कमी भागच बुडवावा.

रंग कालवण्यासाठी चांगला कुंचला कधीही वापरू नये. त्यासाठी जुना कुंचला किंवा काडी ठेवावी. पाण्याची दोन भांडी असावीत. पहिल्यात रंग उतरवावा, दुसऱ्यात कुंचला निर्मळ करून घ्यावा. भांड्यात कुंचला हलक्या हाताने हलवावा, तळाशी दाबून घासू नये. नंतर सुती कापडावर नळीकडून अणीकडे, एकाच दिशेने, हळुवार ओढून टिपावा. हातातील कुंचला थांबला असेल, तर रंग त्यात वाळू देऊ नये. विशेषतः अॅक्रिलिक रंग वापरताना दर काही मिनिटांनी कुंचला धुवावा, कारण हा रंग एकदा वाळला की पाण्यात विरघळत नाही. डिंकात कालविलेले पारंपरिक रंग आणि जलरंग वाळल्यावरही पाण्याने सुटतात. जलरोधक काळ्या शाईत बहुधा लाख असते, म्हणून तिच्यासाठी वेगळा, स्वस्त कुंचला ठेवणे शहाणपणाचे.

कुंचला पाण्याच्या भांड्यात अणीवर उभा सोडून उठणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी सवय आहे. काही मिनिटांतच अणी वाकते. पाणी दांडीत मुरून लाकूड फुगते, वरचा रंग तडकतो आणि पुढे नळी सैल होते. भांड्यात रात्रभर उघडे राहिलेले पाणी जीवजंतूंना आमंत्रण देते, ते वेगळेच. काम संपताच गाळलेल्या थोड्या पाण्यात कुंचला धुऊन भांडे रिकामे व कोरडे करून ठेवावे. जयणेचा हा नियम कुंचल्यालाही मानवतो.

अणी जुळविण्यासाठी कुंचला ओठांत धरण्याची सवय मुलांना लागू देऊ नये. जुन्या लघुचित्रांत वापरला जाणारा पिवळा हरताळ हे आर्सेनिकचे संयुग आहे, हिंगुळ पाऱ्याचे आहे आणि काही पांढऱ्या रंगांत शिसे असते. आजच्या रंगांवर ‘बिनविषारी’ असा शिक्का असला, तरी रंगाची जागा तोंडात नाही. अणी जुळविण्यास ओलसर कापड किंवा स्वच्छ बोटांची चिमूट पुरेशी आहे.

सोन्याच्या कामासाठी कुंचला आणि पाण्याची वाटी दोन्ही स्वतंत्र ठेवावी. डिंकात घोटलेले सोने जड असल्यामुळे धुतलेल्या पाण्यात तळाशी बसते. वाटी झाकून स्थिर ठेवली, वरचे पाणी अलगद ओतून काढले आणि तळचा गाळ वाळविला, तर ते सोने पुन्हा उपयोगात येते. सराफी पेढीवर वाढलेल्या घरांना ही काटकसर सांगावी लागणार नाही.

काम संपल्यावर

दिवसाअखेरीच्या धुलाईला दोन-तीन मिनिटे लागतात. प्रथम साध्या, थंड किंवा किंचित कोमट पाण्यात कुंचल्यातील रंग उतरवावा. गरम पाणी वापरू नये, कारण त्याने नळीतील चिकट द्रव्य सैल होते. नंतर तळहातावर सौम्य साबणाचा किंचित फेस करून त्यात कुंचला लहान लहान वर्तुळांत फिरवावा. साबण निवडताना एक गोष्ट पाहावी : अनेक साबणांत प्राण्यांची चरबी असते. वेष्टनावरील घटक वाचून खोबरेल किंवा अन्य वनस्पती तेलाचा साबण घ्यावा, अथवा रिठ्याचे पाणी वापरावे. रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी घराघरांत वापरला जाणारा रिठा कुंचल्यालाही सौम्य पडतो.

फेसाला रंग आला की धुवावे आणि पुन्हा साबण लावावा. फेस पांढरा राहीपर्यंत असे करावे. वरून स्वच्छ दिसणाऱ्या कुंचल्यातही नळीच्या तोंडाशी रंग दडलेला असतो, म्हणून तेथे बोटांच्या चिमटीने हळुवार चोळावे. तंतू उलटे वाकवून किंवा पसरवून घासू नयेत. शेवटी निर्मळ पाण्याने धुऊन, कापडाने टिपून, बोटांनी अणी पूर्ववत जुळवावी. साबणाचा अगदी पातळ लेप किंवा डिंकाचे पाणी अणीला लावून ठेवल्यास ती वाळताना आकार धरते. पुढच्या वेळी वापरण्यापूर्वी हा लेप धुऊन टाकावा.

ओला कुंचला आडवा ठेवून वाळवावा, किंवा अणी खाली राहील असा टांगावा. अणी वर करून पेल्यात उभा ठेवल्यास पाणी नळीत उतरते. पूर्ण वाळल्यानंतर मात्र अणी वर करून उभा ठेवण्यास हरकत नाही. उन्हात किंवा पंख्याच्या झोताखाली घाईने वाळवू नये.

बिघडलेला कुंचला सुधारताना

कृत्रिम तंतूची अणी वाकली असेल तर एक साधा उपाय आहे. उकळून खाली उतरविलेल्या पाण्यात केवळ तंतूंचे टोक काही क्षण बुडवावे, नळीला पाणी लागू देऊ नये. मग लगेच काढून बोटांनी सरळ करावे आणि थंड होऊ द्यावे. उष्णतेने तंतू मऊ होतो आणि थंड होताना नवा आकार धरतो. हा उपाय थोडे दिवस टिकतो, पण पुन्हा करता येतो. नैसर्गिक केसावर तो कदापि करू नये. उष्णतेने केस ठिसूळ होतो.

अॅक्रिलिक वाळून बसले असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तंतू काही मिनिटे भिजवून बोटांनी रंग सोडवावा आणि नंतर साबणाने धुवावे. हे काम मोठ्यांनी, हवेशीर जागी, चुलीपासून दूर करावे.

एखादा तंतू बाहेर आलेला दिसला तर तो ओढून काढण्याचा मोह होतो. तसे केल्यास शेजारचे तंतूही सैल होतात. धारदार कात्रीने तो नळीच्या तोंडाशी कापावा. अणी मात्र कधीही छाटू नये. चांगल्या कुंचल्यात प्रत्येक तंतू टोकाकडे निमुळता असतो आणि ती सारी निमुळती टोके एकत्र येऊनच अणी बनते. कात्री चालली की तंतू बोथट होतात आणि कुंचला रेषेच्या कामाचा उरत नाही.

रेषेसाठी निकामी झालेला कुंचलाही टाकाऊ नसतो. तो रंग कालवण्यास, पार्श्वभूमी भरण्यास, डिंक लावण्यास किंवा चौकटीच्या नक्षीतील धूळ झाडण्यास उपयोगी पडतो. एकाच कुंचल्याला अशा दोन-तीन अवस्थांतून नेले, तर नव्या खरेदीची वेळ लांबते.

साठवण

कुंचला ओला असताना बंद डबीत ठेवू नये. पावसाळ्यात अशा डबीत बुरशी धरते. बांबूच्या काड्यांच्या गुंडाळीत किंवा सुती कापडाच्या खिशांत ठेवलेले कुंचले हवेशीर राहतात. खरेदीच्या वेळी अणीवर असलेली प्लॅस्टिकची नळी पुन्हा चढविताना एखादा तंतू बाहेर राहून दुमडला, तर तो कायमचा वाकतो. म्हणून ती सावकाश, अणी ओलसर नसताना चढवावी.

एखाद्या घरात पूर्वीपासूनचा, कायद्याने निषिद्ध नसलेला नैसर्गिक केसाचा कुंचला असेल, तर तो फेकून दिल्याने गेलेला जीव परत येत नाही. तो जपून, दीर्घकाळ वापरावा आणि त्याच्या जागी तसाच दुसरा घेऊ नये. अशा कुंचल्याला कसर लागण्याचे भय असते. तो पूर्ण स्वच्छ व कोरडा करून, कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा आणि अधूनमधून पाहत राहावा. कसर लागूच न देणे हा अहिंसेला धरून असलेला मार्ग आहे. केस मुंगसाचा असल्याची शंका असल्यास मात्र तो वापरू नये, कोणाला देऊही नये. वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात विचारणा करावी.

दुकानाच्या गल्ल्यावरून

समाजातील अनेक कुटुंबांचा व्यवसाय शालेय व कार्यालयीन साहित्याचा आहे. त्यांच्या फळीवर कुंचले असतातच. घाऊक माल घेताना पुरवठादाराकडून बिलावर तंतूचा प्रकार लिहून घ्यावा. ‘नॅचरल हेअर’ एवढेच लिहिलेला माल घेऊ नये. मुंगसाच्या केसाचे टोक गडद, मधला भाग फिकट आणि मूळ पुन्हा तपकिरी असते, हे पाहण्याची सवय ठेवावी. तंतू कृत्रिम आहे की नाही याची खात्री करायची असल्यास गळून पडलेला एकच तंतू चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. कृत्रिम तंतू वितळून त्याचा बारीक गोळा होतो, तर केस जळल्याचा ओळखीचा वास देतो. जुना संशयास्पद साठा सवलतीत विकून मोकळे होणे हा व्यवहार नव्हे. त्यात कायद्याचाही भंग आहे आणि व्रताचाही.

हिशेबाच्या दृष्टीनेही निगेचे मोल मोठे आहे. समजा, १२० रुपयांचा कुंचला ४ चित्रांत बिघडला, तर प्रत्येक चित्रामागे ३० रुपये खर्च झाले. तोच कुंचला नीट धुऊन २४ चित्रे चालला, तर हा खर्च ५ रुपयांवर येतो. ग्राहकाला कुंचला देताना तो कसा धुवावा हे दोन वाक्यांत सांगणारा दुकानदार आपली विक्री घटवत नाही. कृत्रिम कुंचला टिकतो हा विश्वास तो निर्माण करतो, आणि त्या विश्वासामुळे प्राण्याच्या केसाची मागणी कमी होते.

पर्युषणाच्या निमित्ताने पाठशाळांतून चित्रस्पर्धा होतात. कागद आणि रंगांबरोबर प्रत्येक मुलाला एक सुती कापडाचा तुकडा द्यावा, आणि वर्ग संपण्यापूर्वीची पाच मिनिटे कुंचले धुण्यासाठी राखून ठेवावीत. फेस पांढरा होईपर्यंत धुणे, अणी जुळविणे आणि कुंचला आडवा ठेवणे ही तीन कामे सात-आठ वर्षांचे मूलही सहज शिकते.